पडवळाचा मांडव आणि हॅलोजन

आई, तुझ्या मांडवाची गोष्ट मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली आहे. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी सांगते, स्टाफरूममध्ये सगळ्यांना ती पाठ झाली आहे, एकदा तर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितली. तुला मात्र कधी सांगितली नाही, कारण तू त्या गोष्टीतच होतीस आणि तुझ्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी केस काळे करायला लागले आणि कंटाळून ते सोडूनही दिलं, एवढी वर्षं. आता एकदा माझ्या तोंडून सगळं ऐकून घे. मध्ये बोलू नकोस म्हणणार होते, पण तू बोलणारच.

घोटावड्याच्या आपल्या घरामागची ती पट्टी मला आजही डोळे मिटून चालता येईल. बाबा गेल्यावर भाताची खाचरं दादा बघायला लागला, दुभती म्हैस विकली, घरातल्या किल्ल्याही हळूहळू त्याच्याकडे गेल्या. तू कशालाच आडवी आली नाहीस. घरामागची पट्टी तेवढी सोडली नाहीस. तिथं वेळूचा मांडव, त्यावर तारा आणि तारांवर पडवळाचे वेल. मांडवाच्या कडेला मोरीचं पाणी वाहायचं तिथं अळू. जूनमध्ये बी टोकायचीस आणि श्रावण लागेपर्यंत मांडवाखाली हिरवा अंधार व्हायचा. दगड बांधायचं काम माझ्याकडे. पडवळ वीतभर झालं की त्याच्या शेंड्याला सुतळीनं लहानसा दगड बांधायचा, म्हणजे ते वेटोळं न घालता सरळ खाली वाढतं. वाकडं पडवळ पिरंगुटच्या बाजारात कुणी हातात धरत नाही. एकदा शाळेच्या घाईत मी हाताला येईल तो दगड बांधून मोकळी झाले आणि सकाळी शेंडा दगडासकट खाली पडलेला. तू तो माझ्यासमोर धरलास आणि म्हणालीस, "आगं, त्येला वळण लावायचंय, फाशी न्हाई द्यायची." आज वर्गात एखाद्या मुलावर आवाज चढवला की मला तेच वाक्य ऐकू येतं आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

मी कॉलेजात होते तेव्हा आपल्या भागात कंपन्या वाढायला लागल्या. कामाला माणसं आली, त्यांना राहायला जागा हवी झाली आणि गावात ज्याच्या-त्याच्या दारात विटांचे ढीग दिसू लागले. दादानंही पट्टीच्या पलीकडं ओळीनं खोल्या बांधल्या. भाडेकरू म्हणून बहुतेक लातूर-नांदेडकडची कुटुंबं. बायका पॅकिंगला, पुरुष मशीनवर. संध्याकाळी अंधारात बायाबापड्यांना भीती वाटते म्हणून खोल्यांच्या भिंतीवर दादानं मोठा हॅलोजन लावला. तो लागला की पार आपल्या मागच्या दारापर्यंत दिवस उजाडल्यासारखा. तुलाही तो आवडला होता, हे तू नंतर कबूल केलं नाहीस पण मला आठवतं. संध्याकाळी पायरीवर बसून तू त्या उजेडात तांदूळ निवडायचीस आणि म्हणायचीस की म्हातारपणी डोळ्यांना आराम मिळाला.

आणि त्याच वर्षी पडवळ रुसलं. वेल नेहमीसारखे चढले, पानं तळहाताएवढी, फुलंही भरपूर, ती पांढरी, कडेला दोऱ्यांची झालर लावल्यासारखी. काही फुलांच्या मागे बोटाएवढं पडवळ दिसायचं, तू खूश व्हायचीस, आणि दोन दिवसांत ते पिवळं पडून गळायचं. मांडवाखाली नुसता सडा. मोरीच्या टोकाला जुन्या पाण्याच्या टाकीमागं चार-सहा पडवळं लागली, बाकी काही नाही. त्या कोपऱ्यात शेणखत जास्त पडलं असेल असं तू म्हणालीस. दुसऱ्या वर्षी तू सगळीकडे शेणखत घातलंस आणि दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मांडवाला काळी बाहुली टांगलीस. जुनी चप्पल टांगलीस. मग तुझा संशय मोरीवर गेला. खोल्यांतल्या आंघोळीचं साबणाचं पाणी आपल्या मोरीला मिळालं होतं, त्यानं जमीन नासली असं तुझ्या डोक्यानं घेतलं, आणि तू भाडेकरणींशी धड बोलेनाशी झालीस.

दादा वाईट नव्हता, आई, हे तुलाही माहीत होतं. त्याला हिशेब दिसत होता. एका संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. "आई, मानसं खोल्या विचारत फिरत्यात. पट्टी मोकळी केलीस तर आनखी चार खोल्या निघतील."

"मोकळी? ती काय रिकामी हाय व्हय?"

"काय हाय तितं आता? नुसता पाला."

तू बराच वेळ भाकरी मोडत राहिलीस. मग म्हणालीस, "औंदा माल न्हाई लागला तर पट्टी तुजी. घाल खोल्या. मी आडवी यायची न्हाई."

ती पट्टी गेली असती तर तू दादाच्या घरातली एक म्हातारी उरली असतीस, जिला सगळे जेवलीस का विचारतात आणि बाकी काही विचारत नाहीत. तुझ्या शब्दाला वजन होतं ते त्या मांडवामुळं. बाजारात तुझी जागा होती, तुझी गिऱ्हाइकं होती, पडवळवाली म्हणून पिरंगुटच्या नाक्यावर तुला ओळखायचे. आणि तू ते सगळं एका जेवणात पणाला लावून मोकळी झालीस.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्राणिशास्त्र घेतलेलं, त्यामुळं मला सगळंच माहीत होतं. मी तुला मांडवाखाली उभं करून समजावलं की पडवळाची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, एकाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी नेऊन टाकावा लागतो, आणि गावात मधमाश्या कमी झाल्यात म्हणून हे होतंय. तू माझं सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "माशी कवा येती?" मी म्हटलं, दिवसा. "आनी हे फूल कवा उघडतं?" ते फूल दिवेलागणीला उघडतं आणि सकाळी माना टाकून बसतं, हे मी जन्मापासून बघत होते. माझा अभ्यास तिथंच अडखळला. पण तुझाही संशय साबणावरून हलत नव्हता, त्यामुळं आपण दोघीही आपापल्या चुकीवर ठाम राहून कामाला लागलो. मला आपला तो गुण फार आवडतो.

अळूवर तुझं दुसरं युद्ध चाललेलं असायचं. जाडजूड अळ्या, शेपटीकडं एक शिंग असलेल्या, एका रात्रीत पानाची चाळण करणाऱ्या. तू सकाळी चिमटा घेऊन निघायचीस आणि त्या वेचून कोंबड्यांपुढे टाकायचीस. त्यातली एक मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी मागून घेतली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माती घातली, रोज अळूचं पान घातलं, वर फडकं बांधलं. तू कपाळावर हात मारलास. "वैऱ्याला पोसती," म्हणालीस, पण मी पुण्याला गेले की पान तूच टाकायचीस, हे मला पानं कापण्याच्या तुझ्या पद्धतीवरून कळायचं. अळी मातीत गेली आणि तिचा कोश झाला. मग बरेच दिवस काहीच घडलं नाही. श्रावणातल्या एका सकाळी फडक्याखाली काहीतरी फडफडलं. मी बरणी उघडली. निमुळत्या पंखांचा, मातकट रंगाचा एक पतंग बाहेर आला आणि बरणीच्या काठावर पंख थरथरवत बसला.

तू चुलीपाशी होतीस. हातातली फुंकणी तशीच घेऊन आलीस, वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "हे तर मांडवातलं पाखरू."

"कुठलं?"

"आगं, दिवेलागनीला येतं. फुलाम्होरं थरथर करत उभं ऱ्हातं नि लांब सोंड घालतं आत. मी लगीन होऊन हितं आले तवापासनं बघती." मग फुंकणी खाली टेकवलीस. "दोन वरीस झालं, न्हाई दिसलं."

त्या क्षणी तुझ्याकडे अर्धी गोष्ट होती आणि माझ्याकडे अर्धी. अळूवरची अळी म्हणजे हेच पाखरू, हे तुला ठाऊक नव्हतं. पडवळाकडं कोण येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला आठवतं, आपण दोघी एकमेकींकडं न बघता एकदम मागच्या दारातून बाहेर बघितलं, खोल्यांच्या भिंतीकडं. संध्याकाळी हॅलोजन लागल्यावर आपण जाऊन खाली उभ्या राहिलो. दिव्याभोवती नुसता गरगराट. त्यात ती पाखरंही होती, मोठी, भिंतीवर आपटणारी, पुन्हा उठून दिव्यावर झेपावणारी. भिंतीवर पाली इतक्या माजलेल्या की पळायचं विसरल्या होत्या. खालच्या फरशीवर पंख पडलेले. दोन वर्षं तू रोज सकाळी ते पंख खराट्यानं झाडत होतीस आणि दहा पावलांवरच्या मांडवाखाली गळलेली पडवळं झाडत होतीस. "समदी हितं हायेत," तू म्हणालीस. एवढंच. आणि टाकीच्या सावलीत पडवळं का लागली होती, ते तेव्हा आपल्याला कळलं.

दादाला सांगितलं तर तो हसला. त्याला दोष देत नाही. भिंतीवरचा दिवा आणि मांडवातलं पडवळ यांचा संबंध लावणारी आई नि बहीण कुणाच्या वाट्याला आली तर तोही हसेल. पण त्याच आठवड्यात गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लोडशेडिंगची सवय होतीच, पण हे वेगळं होतं. वायरमन येऊन बघून गेला आणि नवी यायला वेळ लागेल म्हणाला. सगळं गाव अंधारात. भाडेकरू कुरकुरायला लागले, दादा मोटरसायकलवरून वीज मंडळाच्या ऑफिसच्या खेपा घालायला लागला, आणि तू चेहरा पाडून सगळ्यांना "व्हय बाई, लई हाल" म्हणत होतीस. आतून तुला उकळ्या फुटत होत्या. पाऊस थांबलेला असला की दिवेलागणीला आपण कंदील न घेता मांडवाखाली जाऊन उभ्या राहायचो. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी कानाशी भुर्रकन आवाज आला आणि तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला. पाखरू फुलासमोर हवेत उभं होतं. ते एका फुलातून निघालं, दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर. मग आणखी एक आलं. तू श्वाससुद्धा दबकत घेत होतीस. मला वाटतं, माझ्या लग्नातही मी तुला इतकी आनंदात पाहिलेली नाही.

पुढच्या काही दिवसांत बोटाएवढी पडवळं पिवळी पडायची थांबली. मग ती वीतभर झाली आणि मी सुट्टी काढून दगड बांधायला बसले. गणपतीत वीज आली तेव्हा मांडवाखाली वाकल्याशिवाय चालता येत नव्हतं.

पण खरी मजा त्यानंतर. हॅलोजन पुन्हा लागला त्या संध्याकाळी तू कंबर बांधून खोल्यांपुढं गेलीस आणि दादाला म्हणालीस, "काढ त्यो." दादा म्हणाला, "पाखरांसाटी दिवा काढायचा? लोक येड्यात काढतील." तेवढ्यात पहिल्या खोलीतली लातूरकडची बाई बाहेर आली. त्या दिवशी तिची सुट्टी होती, एरवी दुसरी पाळी असायची, कंपनीची गाडी रात्री तिला फाट्यावर सोडायची आणि तिथून ती एकटी चालत यायची. ती तुला घाबरत नव्हती. "मावशी, लाइट काढू नका बघा. लाइट गेल्ती तवा पायरीवर घोणस बसल्ती. अंधारात पाय कुठं पडतो कळंना मला. तुमचं पडवळ मोठं का माझा जीव मोठा, सांगा."

तू तडक घरात आलीस, गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काढलास आणि दादापुढे ठेवलास. दुसऱ्या दिवशी हॅलोजन उतरला. त्याच्या जागी साधा बल्ब, पायऱ्यांच्या अगदी वर, कापलेल्या डब्याच्या टोपीत, उजेड फक्त खाली पडेल असा. आणि बाजारातून येताना तू त्या बाईसाठी एक बॅटरी आणलीस, चांगली पितळी, दोन सेलांची. "फाट्यापासनं हातात धरून येत जा," म्हणालीस. "घोनस दिसली तर हाक मार." मग तिला ओढ्याकाठी बसल्यासारखं मोरीकाठी बसवून सगळं समजावून सांगितलंस. तुमच्या आंघोळीच्या पाण्यावर माझं अळू वाढतं, अळूवर ती शिंगवाली वाढते, तिचं पाखरू होतं, त्याच्यावर माझं पडवळ. म्हणजे तुमच्या आंघोळीवर माझा मांडव उभा आहे.

ती म्हणाली, "मंग भाडं कमी करा की, मावशी."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. भाडं काही कमी झालं नाही, ते दादाच्या हातात होतं. पण तिला दर आठवड्याला अळूची जुडी जायला लागली, आणि अळूचा मोरीकडचा वाफा तू अळ्यांना सोडून दिलास. "ही त्यांची वाटनी," असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. उरलेल्या अळूवर मात्र चिमटा चालूच. त्या वाटणीची हद्द अळ्यांना कळत नव्हती, म्हणून तू त्यांना उचलून परत त्यांच्या वाफ्यात नेऊन ठेवायचीस आणि शिव्याही द्यायचीस.

पट्टी राहिली, आई. दादानं पुन्हा विषय काढला नाही. उलट तूच शेफारलीस. बाजारात शेजारच्या भाजीवालीचं कारलं लागलं नाही तरी तू तिला दिवा बंद कर म्हणून सांगायचीस, आणि कारल्याचं फूल दिवसा उघडतं हे मी सांगितलं की माझ्यावर डोळे वटारायचीस. एकदा कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला तिथला खांबावरचा दिवा खाली वळवायला सांगून आलीस. तो हिंदीत काहीतरी म्हणाला, तू मराठीत काहीतरी म्हणालीस, आणि दिवा होता तसाच राहिला. तिथं तू हरलीस, हे मला लिहिलंच पाहिजे.

माझ्या शाळेतले एक सर ही गोष्ट ऐकून म्हणतात की त्या आठवड्यात पाऊस उघडला असेल, म्हणून फळ धरलं असेल. एका मांडवावरून काही सिद्ध होत नाही. उघडला असेलही. पण पुढं तू होतीस तोवरचे सगळे हंगाम मी पाहिले आहेत, पावसाचे आणि उघडिपीचे, आणि मी ठामपणे सांगते की आपलं बरोबर होतं. मुलांना मी जैवविविधता शिकवते तेव्हा पुस्तकात वाघ असतो, जंगल असतं, अन्नसाखळीचे बाण असतात. ते सगळं खरं आहे. पण पोरांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मोरी, अळू, अळी आणि पडवळ म्हटलं की हात वर होतात. कुणी सांगतं आमच्याकडं मोरीपाशी केळ आहे, कुणी विचारतं मग पाली कुठं गेल्या. पालींचं मला माहीत नाही. कुणाचं कुणावाचून अडतं हे आपल्याला बहुतेक वेळा अडल्यावरच कळतं, आणि तेव्हा ते दुरुस्त करायला एक पत्र्याचा डबा पुरला, हे आपलं नशीब. सगळीकडं तो पुरणार नाही. पण जिथं पुरेल तिथं तो कापायला हवा, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

आता आपल्या पट्टीच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. पलीकडच्या रिह्याच्या खोऱ्यातसुद्धा संध्याकाळी फार्महाऊसचे दिवे ओळीनं लागतात. दादानं खोल्या वाढवल्या, पण घरावर मजला चढवून. पट्टीला हात लावला नाही. फुलांच्या दिवसांत तो दिवेलागणीला गच्चीत उभा राहून भाडेकरूंना ओरडतो, मागच्या खिडक्यांचे पडदे लावा म्हणून. नवीन पोरं आयटीतली, ती त्याला "अंकल, व्हाय?" विचारतात. तो त्यांना खाली मोरीपाशी नेतो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. दादा हंगामात पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी मला पडवळं पाठवतो, आणि मी ती खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकते. मला पडवळ आवडत नाही, आई. कधीच आवडलं नव्हतं. तू भाजी वाढायचीस आणि मी त्यातली चण्याची डाळ वेचून खायचे. मागच्या महिन्यात फोनवर दादाला हे सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला तरी कुटं आवडतंय? आईबी न्हवती खात."

मी त्याला विचारलं, मग यंदा वेल लावलेस का.

तो म्हणाला, "लावल्यात की."